स्वामींचं अभ्यंगस्नान

"स्वामी, मान खाली घ्या," आत्या म्हणाली.

स्वामींनी मान वर केली.

"खाली म्हटलं मी. तेल डोळ्यांत जाईल."

आता, स्वामींना डोळे आहेत की नाहीत हे तोवर आमच्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. टाळूपासून निघालेले मधाच्या रंगाचे केस नाकावरून खाली येत, तिथे मिशांना मिळत, मिशा दाढीला मिळत आणि दाढी पाटाला टेकलेली असे. पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हे ओळखायला एकच खूण होती. ज्या बाजूला झुपकेदार शेपूट वळून पाठीवर पडलेलं, ती मागची बाजू.

"वैजू, कारीट ठेव त्यांच्या डाव्या पायाखाली."

"डाव्या कुठल्या? पुढच्या की मागच्या?"

आत्या थबकली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेला नव्हता. "पुढच्या," ती शेवटी म्हणाली. "आणि हसू नकोस. वर्षाचा सण आहे."

स्वामींनी कारिटाचा वास घेतला, ते तोंडात धरलं, चावलं, थुंकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवून बसले. नरकासुर त्या वर्षी आमच्याकडे असा मेला.

ही ब्याऐंशी सालातली नरकचतुर्दशी. साताऱ्याच्या सदर बझारातलं आमचं दोन खोल्या आणि पडवीचं घर. बंब पेटलेला, मोरीच्या दारात रांगोळी, रांगोळीत पाट, पाटावर स्वामी आणि त्यांच्यापुढे कोमट तेलाची वाटी घेऊन बसलेली माझी अनूआत्या. मुलींच्या शाळेत तिनं चौतीस वर्षं शिवण शिकवलं होतं. कुत्रं फाटकापाशी थांबलं तरी ती अंगणात पाणी शिंपडायची. ती आज एका कुत्र्याच्या पोटाला सुगंधी तेल चोळत होती आणि मी टॉवेल धरून उभी होते.

स्वामी म्हणजे शेजारच्या मेजर सबनीसांचा कुत्रा. त्याचं खरं नाव ताशी. जात ल्हासा आप्सो.

मेजर सहा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन शेजारच्या बंगलीत राहायला आले तेव्हाच विधुर होते. मिशा भरघोस, चाल ताठ, आणि शर्टांची बटणं मात्र फार कच्ची. दर पंधरा दिवसांनी मेंदीच्या कुंपणावरून एखादा शर्ट पलीकडून अलीकडे येई. "बाई, तेवढं एक बटण." आत्या बटण लावी, इस्त्री करून शर्ट परत देई. एकदा शर्ट माझ्या हातात आला तेव्हा मी नीट पाहिलं. दोरा तुटलेला नव्हता, ब्लेडनं कापलेला होता. मी आत्याला काही बोलले नाही. तिनं ते माझ्याआधी पाहिलं असणार, ती शिवणाची बाई होती. पण तीही कधी काही बोलली नव्हती, आणि सहा वर्षांत गाडी बटणाच्या पुढे सरकली नव्हती.

आणि मला घाई होती. माझं लग्न ठरलं होतं, मार्गशीर्षात, आणि मी बडोद्याला जाणार होते. आई-वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. आत्यानं मला वाढवलं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लावलं. स्वतः लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की "राहून गेलं" म्हणायची, दुधाचं बिल द्यायचं राहून जावं तितक्या सहज. माझी सुपारी फुटल्यावर आठ दिवसांत तिनं नदीकाठच्या एका महिलाश्रमाचा फॉर्म मागवला.

"तिथं काय करणार तू?" मी विचारलं होतं.

"वाती वळीन. पहाटे काकडआरती असते."

"वाती वळायचा तुला कंटाळा येतो. आपल्या घरात विकतच्या वाती आहेत."

"शिकेन," आत्या म्हणाली. "तू गेल्यावर या घरात मी कुणाशी बोलू? शिवणयंत्राशी?"

फॉर्म भरून, सही करून भाऊबीजेपर्यंत पोस्टात टाकायचा होता. चांगला जाडजूड, घडी न पडणारा पांढरा कागद होता. आत्यानं तो देव्हाऱ्यामागे उभा करून ठेवला होता. सकाळी देवाला नमस्कार करायला गेलं की देवाआधी तोच दिसे. अठ्ठावन्न वर्षांची धडधाकट बाई माझ्यामुळे स्वतःला माळ्यावर टाकायला निघाली होती, आणि मला ते सहन होत नव्हतं.

म्हणून वसुबारसेच्या दोन दिवस आधी मेजर कुंपणापाशी येऊन म्हणाले, "पुण्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आठ-दहा दिवस लागतील, आणि आमचा आचारी दिवाळीला गावी चाललाय. ताशीचं काय करावं कळत नाही," तेव्हा मी पटकन म्हणाले, "आमच्याकडे ठेवा की!"

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की माझी वेणी आपोआप घट्ट झाली.

"मेजरसाहेब," ती म्हणाली, "आमच्याकडे देवघर आहे. सोवळं-ओवळं आहे. कुत्र्याचं जमायचं नाही."

"बरोबर आहे," मेजर म्हणाले आणि खाली पाहू लागले. तिथे ताशी बसला होता. वीतभर उंचीचा तो केसांचा ढीग कुणाचंच ऐकत नव्हता. "तसा हा साधा कुत्रा नव्हे, बाई. तिबेटच्या मठांमधला आहे. शेकडो वर्षं तिथंच यांची पैदास झाली. मठाच्या दाराबाहेर साखळीला मोठाले राक्षसासारखे कुत्रे असतात, आणि आत, लामांच्या पायाशी, हे. परका माणूस आत शिरला की आधी हे भुंकणार. कान असे तिखट की पाऊल वाजायच्या आत कळतं. मी सिक्कीममध्ये होतो तेव्हा आमच्या जवानांनी एका मठाचं कोसळलेलं छप्पर घालून दिलं. तिथल्या म्हाताऱ्या लामांनी हा मुठीएवढा होता तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात ठेवला."

"असेल," आत्या म्हणाली.

"ते लोक असंही मानतात की एखाद्या लामाची साधना थोडी कमी पडली, तर पुढचा माणसाचा जन्म मिळेपर्यंत तो मधला जन्म या कुत्र्याचा घेतो."

आत्या परत फिरली होती, ती थांबली. "म्हणजे हे मागच्या जन्मी संन्यासी होते?"

'हे' म्हणाली. मी आणि मेजर दोघांनीही ते ऐकलं.

"तसं म्हणतात खरं," मेजर सावधपणे म्हणाले.

आत्यानं ताशीकडे निरखून पाहिलं. ताशीनं जांभई दिली. त्याला कुणी हाक मारली तर तो ऐकल्याचं दाखवत नसे, कुणी कुरवाळायला गेलं तर उठून दोन हात लांब जाऊन बसे, आणि मनात आलं की स्वतःहून येऊन पायावर हनुवटी ठेवी. सगळी लक्षणं साधूचीच होती.

"दाराशी आलेल्या संन्याशाला नाही म्हणू नये," आत्या म्हणाली. "आणा उद्या."

त्या दिवसापासून ताशीचे स्वामी झाले आणि आमच्या घरात त्यांना अहो-जाहो सुरू झालं. त्यांना बसायला वेगळं आसन. जेवण आमच्याआधी. वरणात लसूण बंद. मेजरांकडे त्यांना दर रविवारी मटण असे हे मी आत्याला सांगितलं, पण ती म्हणाली, "मागच्या जन्मी तेच नडलं असणार." स्वामींनी तूप-वरण-भाताकडे एक दिवस ढुंकूनही पाहिलं नाही. आत्या म्हणाली, "उपास असेल. संन्याशाचं आपण काय सांगावं?" दुसऱ्या दिवशीही पाहिलं नाही, तेव्हा तिचा जीव खालीवर व्हायला लागला. संध्याकाळी तिनं मला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं, पडवीत स्टोव्ह नेला आणि डोळे मिटून दोन अंडी उकडली. सोलली मी. स्वामींनी उपास सोडला.

मग हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आत्या दिवसभर बोलत होती. "स्वामी, चकलीचं पीठ सैल झालंय हो." "स्वामी, हा पेपरवाला आहे, परका नव्हे, गप्प बसा." स्वामी गप्प बसत नसत. पेपरवाला, दूधवाला, पोस्टमन, आणि दोन घरं पलीकडे शिंकणारे कुलकर्णी, सगळ्यांची वर्दी ते देत. मग येऊन शिवणयंत्राच्या पायट्याशी झोपत आणि आत्या पाय न हलवता तासभर बसून राही. पण फॉर्म देव्हाऱ्यामागे होताच. मी विचारलं की "टाकते गं, भाऊबीजेपर्यंत आहे मुदत" म्हणे.

तर अभ्यंगस्नान. "नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत जो न्हात नाही तो नरकात जातो," आत्या आदल्या रात्री म्हणाली होती. "माझ्या घरात राहून स्वामी नरकात गेले तर मी मेजरसाहेबांना काय तोंड दाखवू?"

पाऊण वाटी तेल त्या केसांनी कधीच पिऊन टाकलं. आणखी अर्धी वाटी ओतली. त्यावर दुधात कालवलेलं उटणं चोळलं. उटण्यात डाळीचं पीठ होतं, आणि तेल, दूध, डाळीचं पीठ एकत्र आलं की काय होतं हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. ते आत्यालाही ठाऊक होतं. पण ती तेव्हा मंत्र म्हणत होती. शिकेकाईचं पाणी पडलं तेव्हा स्वामींच्या अंगावर भज्यांचा घाणा निघेल एवढं पीठ तयार होतं.

"कोमट पाण्याचा अजून एक तांब्या," आत्या म्हणाली, आणि तेवढ्यात समोरच्या पोरांनी पहिला सुतळी बॉम्ब लावला.

त्या तिखट कानांचं मेजरांनी एवढं कौतुक केलं होतं, ते असं फळाला आलं. स्वामी पाटावरून उडाले, माझ्या टॉवेलखालून निसटले, रांगोळी विस्कटून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, आणि रस्त्यापलीकडे पोरांनी पंधरा दिवस राबून बांधलेल्या प्रतापगडावर. गडाची माती ओली होती. उतारावर मोहरी उगवली होती. स्वामी आधी बालेकिल्ल्यावर लोळले, मग माचीवर, मग तळ्यात.

आत्या नऊवारीचा पदर खोचून हातात तांब्या घेऊन धावली. "स्वामी! अहो स्वामी, हे शोभतं का तुम्हाला?"

आम्ही त्यांना घरी आणलं तेव्हा त्यांच्या पाठीवर मोहरीचं शेत होतं, दाढीत एक तोफ अडकली होती आणि डाव्या बगलेत दोन मावळे घट्ट चिकटलेले होते. मावळे मी पोरांना परत केले. पोरं रडत होती, त्यांना आत्यानं डबाभर लाडू दिले.

दोन दिवस आम्ही ते केस विंचरायचा प्रयत्न केला. तीन फण्या तुटल्या. तेलात माती आणि डाळीचं पीठ वाळून जे झालं, त्याची जाजमाला असते तशी घट्ट वीण झाली. स्वामी चालले की वाजत. पाडव्याच्या सकाळी आत्यानं हात टेकले आणि मला सलूनवाल्या बापूंना बोलवायला पाठवलं.

बापूंनी पेटी खाली ठेवली आणि स्वामींभोवती एक चक्कर मारली. "बाई, ह्ये काय हाय? पायपुसणं?"

"तोंड सांभाळून बोला, बापू. संन्यासी आहेत."

"मग तर लई सोपं झालं," बापू म्हणाले. "संन्याशाला तुळतुळीतच करत्यात."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दुसरा इलाज नव्हता. बापूंनी मशीन काढलं. तासाभरानं अंगणात एका बाजूला केसांचा ढीग पडला आणि दुसऱ्या बाजूला एक किडकिडीत, गुलाबी, घुशीएवढा प्राणी उभा राहिला. त्याच्या शेपटाच्या टोकाला तेवढा एक गोंडा शिल्लक होता.

आणि त्याला डोळे होते. मोठे, काळेभोर, पाणीदार. स्वामींनी आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि मग ते तिच्याकडे बघतच राहिले.

"वैजू," आत्या हळूच म्हणाली, "हे इतके दिवस असंच बघत होते आपल्याकडे?"

मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मेजरसाहेबांना मी आता काय सांगू? त्यांच्या घरातलं एकुलतं एक माणूस त्यांनी विश्वासानं ठेवलं माझ्याकडे, आणि मी त्याचं हे करून ठेवलं! वैजू, ते पुन्हा कधी बटणसुद्धा देणार नाहीत."

ती अंगणातच खाली बसली आणि खरंच रडली. बटणाचं तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्याच संध्याकाळी मेजरांचा ट्रंक कॉल आला. फोन त्यांच्याच बंगलीत होता आणि किल्ली आमच्याकडे होती. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीनं मला पाच वाजता कॉल लागणार असल्याचं आधीच कळवलं होतं. आम्ही तिघं गेलो. स्वामींना थंडी वाजत होती म्हणून आत्यानं त्यांना आपल्या शालीत गुंडाळलं होतं.

"हॅलो! हॅलो, बाई?" मेजर ओरडत होते. ट्रंक कॉलवर सगळेच ओरडत. "ऑपरेशन झकास झालं! डोळ्यांवर पट्टी आहे! तुम्ही कशा आहात?"

"बरी आहे!" आत्या ओरडली. "आराम करा!"

"ताशी कसा आहे?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"हलके झालेत जरा!" आत्या ओरडली.

"जेवत नाही का?"

"जेवतात! दोन अंडी खातात!"

आत्याच्या घरात अंडी, हे मेजरांना पचायला वेळ लागला असणार. मग ते म्हणाले, "त्याला जरा फोनवर भुंकायला सांगा! आवाज ऐकला की बरं वाटेल!"

आत्यानं रिसीव्हर शालीपाशी धरला. "स्वामी, भुंका." स्वामींनी त्या नव्या मोठ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून ते कुणाशी बोलत नव्हते. "स्वामी, मी पाया पडते तुमच्या. एकदाच." पेपरवाल्यावर, दूधवाल्यावर, कुलकर्ण्यांच्या शिंकेवर आठवडाभर घर डोक्यावर घेणारे स्वामी ढिम्म बसून राहिले.

"हॅलो? बाई? बरा आहे ना तो?" मेजरांचा आवाज कापला. "काही झालंय का? खरं सांगा."

आणि मग माझ्या आत्यानं रिसीव्हर तोंडापाशी घेतला, डोळे गच्च मिटले आणि ती भुंकली.

"भुक! भुक भुक!"

स्वामींनी दचकून वर पाहिलं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आत्या थोडा श्वास घेऊन पुन्हा भुंकली आणि शेवटी एकदा गुरगुरलीसुद्धा, आवाज खरा वाटावा म्हणून.

पलीकडे बराच वेळ खरखर ऐकू आली. मग मेजर अगदी हळू आवाजात म्हणाले, "वा. छान आहे की तब्येत." तीन मिनिटं संपली आणि लाइन तुटली.

आत्या झपाझप घरी निघाली. फाटकापाशी म्हणाली, "हे बडोद्याला कुणाला कळलं, तर तुझं लग्न मोडीन."

भाऊबीजेला सकाळी माझी एक्स्चेंजमध्ये ड्यूटी होती. दुपारी परत आले आणि आधी देवघरात गेले. देव्हाऱ्यामागे फॉर्म नव्हता.

आतल्या खोलीत यंत्र चालू होतं. आत्या स्वामींसाठी कोट शिवत होती. जुन्या तपकिरी ब्लँकेटचा, पोटाखाली पट्टा, गळ्याला पट्टी, आणि पाठीवर चार बटणं. "थंडी वाजते त्यांना," ती मान वर न करता म्हणाली. फॉर्मचं विचारायची मला हिंमत झाली नाही. पोस्ट दुपारी एकला बंद होत होतं. मी पडवीत जाऊन बसले आणि मला रडू आलं. इतकं करून शेवटी ती वाती वळायलाच जाणार होती.

मेजर तिसऱ्या दिवशी आले. एका डोळ्यावर हिरवी झापड, दुसऱ्यावर काळा चष्मा. रिक्षातून उतरले ते आपल्या बंगलीत न जाता थेट आमच्या पडवीत आले आणि खुर्चीत बसले. आत्या दाराआड उभी राहिली. स्वामी कोट घालून मधोमध उभे होते. मेजरांनी चष्मा वर करून पाहिलं.

"हे काय, मांजर पाळलंत?"

तेवढ्यात मांजरानं मेजरांच्या बुटांचा वास घेतला, मग एवढी उडी मारली की थेट त्यांच्या मांडीवर, आणि शेपटाचा गोंडा त्यांच्या नाकावर आपटायला लागला. मेजरांनी कोट चाचपला, पाठ चाचपली, कान चाचपले.

"ताशी?"

मग आत्या बाहेर आली आणि वर्गात उभं केलेल्या मुलीसारखी सगळं घडाघडा बोलली. तेल, उटणं, प्रतापगड, बापू. काही वगळलं नाही. फोनपाशी मात्र अडखळली. "आणि त्या दिवशी फोनवर... ते त्यांचं..."

"ते ताशीचं नव्हतं," मेजर म्हणाले. "ठाऊक आहे मला. बाई, हा आठ वर्षांत फोनवर एकदाही भुंकलेला नाही. मी आपलं बोलायला विषय संपला म्हणून म्हटलं होतं."

आत्याचा चेहरा त्या बंबासारखा तापला.

"शेजारच्या कॉटवर एक कर्नल होते," मेजर सांगू लागले, "ते म्हणाले, सबनीस, हसताय का रडताय? डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे त्यांना कळेना. मलाही कळत नव्हतं." त्यांनी घसा साफ केला. आता ते माझ्याकडे पाहून बोलत होते, कारण आत्याकडे पाहायचं धाडस त्यांना होत नव्हतं. "हे कुत्रे त्या मठांतून कधी विकत नसत. द्यायचे, तेही ज्याच्यावर जीव आहे त्याला. मला देताना लामांनी दुभाष्याकडून सांगितलं होतं, विकू नकोस. तुझ्यापेक्षा याला जास्त जपणारं कुणी भेटलं तर देऊन टाक." मग मात्र ते वळले. "बाई, ताशी तुमचा. कायदेशीर तुमचा. अडचण एवढीच आहे की मला त्याच्याशिवाय झोप लागत नाही."

स्वामी एकदा मेजरांकडे आणि एकदा आत्याकडे बघत होते, कारण आता त्यांना दिसत होतं.

"मग कुंपणाला फाटक करून घ्या," आत्या म्हणाली. "मेंदी मधोमध तोडली तरी चालेल. वाढते ती." आणि लगेच माझ्यावर ओरडली, "वैजू, बघत काय बसलीस? चहा टाक! आणि यांच्या शर्टाचं बटण पुन्हा तुटलंय, सुईदोरा आण. काळा नको, पांढरा."

मी सुईदोरा आणायला आत गेले आणि यंत्राचा खण उघडला. वरच स्वामींच्या कोटाची बेतणी होती, कापड बेतायला आधी कागदावर कापतात ती. जाड, पांढऱ्या, घडी न पडणाऱ्या कागदाची. गळा, पाठ, पोट असे तीन तुकडे कापलेले. पाठीच्या तुकड्यावर आश्रमाचे नियम छापलेले होते. पोटाच्या तुकड्यावर 'अर्जदार महिलेचे संपूर्ण नाव' याच्यापुढे जागा कोरी होती, आणि तिच्यावरून आत्याच्या निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: पोट १५, शिवणीला अर्धा इंच सोडणे.

म्हणजे भाऊबीजेलाच. मेजर यायच्या आधी, फाटकाच्या आधी, काहीच ठरलेलं नसताना. कागद तिला कोटासाठी हवा होता आणि तिनं तो घेतला होता. मी ते तुकडे पुन्हा खणात ठेवले आणि तिथेच उभी राहून पोटभर रडले. पडवीतून आत्या "दोरा सापडत नाही का गं?" म्हणून ओरडत होती.

माझ्या लग्नात स्वामी कोट घालून पहिल्या रांगेत बसले. अंतरपाट धरायला मेजर होते. आत्याचं लग्न माघात कचेरीत जाऊन झालं, सह्यांचं. साक्षीदार बापू. कोट त्यानंतर फार दिवस लागला नाही, आषाढापर्यंत केस पुन्हा नाकावर आले आणि दिवाळीपासून उघडे पडलेले डोळे पुन्हा पडद्याआड गेले.

पुढच्या दिवाळीत, नरकचतुर्दशीला मी बडोद्याहून साताऱ्याला ट्रंक कॉल लावला. "आत्या, स्वामींचं अभ्यंगस्नान झालं का?"

"नुसतं गरम पाणी!" आत्या ओरडली. "तेलाचं बोट लावू देत नाहीत मेजर!"

"आवाज ऐकव ना त्यांचा!"

"थांब हं."

पलीकडे कुजबुज झाली. कुणीतरी "तुम्ही आधी" म्हणालं, कुणीतरी "नाही, तुम्ही" म्हणालं. मग फोनवर भुंकणं ऐकू आलं. एक आवाज बारीक होता, शेवटी गुरगुरणारा, तो माझ्या ओळखीचा होता. दुसरा जाड होता, पलटणीतला, आणि मध्येच त्याला हसू आवरेना.

स्वामी त्या वेळी शिवणयंत्राच्या पायट्याशी झोपलेले होते, असं आत्यानं मला पुढच्या पत्रात कळवलं.